होकायंत्राची चूक आणि तिचे शोधन
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेत झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या सभेत आम्ही कोणत्या विषयावर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेवर वाचून अनेकांस नवल वाटले असेल. कोठे हा नंदुरबार जिल्हा, कोठे समुद्र, आणि कोठे जहाजावरील होकायंत्र! पाठीशी सातपुडा, समोर तापीचे खोरे. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र अद्याप पाहिलेलाही नाही. तथापि तापीमाई आपल्या शेतांजवळून वाहत जाऊन अखेर सुरतेपलीकडे समुद्रासच मिळते, आणि तिच्यामागोमाग आपली माणसेही त्या बाजूस जातात. आपल्याच धर्मग्रामाचा एक तरुण आज व्यापारी जहाजावर नोकरीस आहे. मागील नाताळास तो घरी आला, तेव्हा त्याने आम्हांस एक कागद दाखविला. त्यावर दिशांची एक लांबलचक यादी होती, आणि प्रत्येक दिशेपुढे एक लहानसा आकडा होता : कोठे अर्धा अंश पूर्व, कोठे एक अंश पश्चिम. आम्ही विचारले, "बाळा, हे काय आहे?" तो म्हणाला, "फादर, आमच्या होक्यात अजून जी चूक शिल्लक आहे, तिची ही यादी. ती होक्याजवळच टांगलेली असते."

हे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. आपली चूक मोजून, लिहून, सर्वांस दिसेल अशी टांगून ठेवणारे यंत्र आम्ही दुसरे पाहिले नाही. म्हणून आज त्याच विषयावर चार शब्द बोलावेत असे आम्ही ठरविले.

प्रथम आमची स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर प्रार्थनामंदिर बांधावयाचे ठरले. वेदी पूर्वेस असावी अशी सर्वांची इच्छा होती. आम्ही सेमिनरीत असताना घेतलेले लहान होकायंत्र बरोबर नेले, जीपच्या बॉनेटवर ठेवले, काटा स्थिर होऊ दिला, आणि मोठ्या विश्वासाने दोरी धरून रेषा आखून दिली. दिवसभर शेतात राबून आलेल्या स्त्रीपुरुषांनी तीन संध्याकाळ खपून त्या रेषेवर पाया खणला. चौथ्या दिवशी पहाटे एक वृद्ध गृहस्थ आम्हांस हाताशी धरून त्या जागी घेऊन गेले. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. त्या दिवसांत सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेस उगवतो. ते म्हणाले, "फादर, उगवत तर त्या टेकडीच्या खांद्यावर होते. तुमची दोरी तिच्या डाव्या अंगाला कशी गेली?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते असे नाही. उत्तर होते, आणि तेच लाजिरवाणे होते. होकायंत्र लोखंडी गाडीवर ठेवू नये, हे पदार्थविज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो होतो. काट्याने उत्तरेकडे पाहिले नव्हते. त्याने आमच्या जीपकडे पाहिले होते. आमच्या एका क्षणाच्या निष्काळजीपणामुळे गरीब माणसांची तीन संध्याकाळची मेहनत पुन्हा मातीने बुजवावी लागली. कोणी एक शब्द बोलले नाही, हे आम्हांस अधिकच लागले.

जे आमच्या हातून जमिनीवर घडले, तेच समुद्रावर घडले तर काय होईल? जमिनीवर चर बुजविता येतो. समुद्रावर एक अंशाची चूक साठ मैलांच्या प्रवासात जहाजास सुमारे एक मैल बाजूस नेते. मुंबईहून एडनपर्यंत सुमारे १६५० सागरी मैल अंतर आहे. तितक्या वाटेत एकच अंश चुकला आणि तो कोणी सुधारला नाही, तर जहाज अठ्ठावीस-एकोणतीस मैल भलतीकडे जाईल. मध्ये खडक असला तर पुढे सांगावयास नको.

आता ही चूक उत्पन्न कशी होते ते पाहू. ती दोन प्रकारची आहे. एक चूक पृथ्वीची, दुसरी जहाजाची.

पृथ्वी हे स्वतःच एक मोठे चुंबक आहे. परंतु तिचे चुंबकीय ध्रुव आणि भूगोलातील ध्रुव एकाच ठिकाणी नाहीत. म्हणून चुंबकसूची खऱ्या उत्तरेपासून थोडी पूर्वेस किंवा पश्चिमेस राहते. ह्या अंतरास दिक्पात म्हणतात. तो स्थळाप्रमाणे बदलतो, काळाप्रमाणेही बदलतो. लंडन येथे १५८० साली सूची सुमारे ११ अंश पूर्वेस झुकलेली होती. १८२० च्या सुमारास ती सुमारे २४ अंश पश्चिमेस गेली होती. आपल्या सुदैवाने मुंबईच्या बाजूस आज हा दिक्पात एका अंशाच्या आत आहे. ही पृथ्वीची चूक नकाशावर छापलेली असते. खलाशी ती वाचून हिशेबात घेतो.

दुसरी चूक जहाजाची. जहाजावर तोफा, नांगर, यंत्रे, आणि पुढे तर सर्व सांगाडाच लोखंडाचा. हे लोखंड सूचीस आपल्याकडे ओढते. ह्या चुकीस विचलन म्हणतात. हिची खुबी अशी की जहाज ज्या दिशेस तोंड करील तशी ती बदलते. उत्तरेकडे जाताना एक, पूर्वेकडे जाताना दुसरी. म्हणून ती कोणत्याही नकाशावर छापता येत नाही. प्रत्येक जहाजाने आपापली शोधून काढावी लागते.

बंधुभगिनींनो, ही दुसरी चूक प्रथम ज्यांनी ओळखली, त्यांचा आपल्या किनाऱ्याशी आणि आपल्या श्रद्धेच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. त्यांचे नाव जुआंव द कास्त्रो. इ. स. १५०० साली लिस्बन येथे जन्मलेला हा पोर्तुगीज सरदार गणितज्ञ पेद्रो नुनिश यांच्या सहवासात शिकला होता. १५३८ साली तो हिंदुस्थानाकडे यावयास निघाला, तेव्हा नुनिश यांनी योजलेले, सूर्याच्या छायेवरून सूचीची चूक मोजणारे उपकरण त्याच्याजवळ होते. वाटेत मोझांबिक येथे ऑगस्ट १५३८ मध्ये त्याचे आकडे एकमेकांशी जुळेनात. कारण शोधता त्यास दिसले की जवळ असलेली तोफ सूचीस ओढीत होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वसईजवळ, त्यास दुसरा चमत्कार आढळला : येथे लोखंडी तोफेचा संबंध नसतानाही सूची भलतीकडे वळे. जवळपासच्या खडकांचाच हा प्रभाव असावा, असे त्याने अनुमान केले. पुढील शास्त्रज्ञांनी हे अनुमान खरे ठरविले. ज्या वसईच्या गावांतून आज मराठी प्रार्थनेचा घोष चालतो, त्याच किनाऱ्यावर हा शोध लागला, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

हाच कास्त्रो पुढे १५४५ साली गोव्याचा गव्हर्नर झाला आणि ६ जून १५४८ रोजी गोव्यातच निवर्तला. त्याच्या अंतसमयी संत फ्रान्सिस झेवियर त्याच्याजवळ होते अशी परंपरा आहे. त्याच्या लढायांचा आणि राज्यकारभाराचा इतिहास निराळा आहे, व त्यातील सर्वच गोष्टींचा गौरव करण्याचे आपणांस कारण नाही. परंतु आकडे जुळेनात तेव्हा ते पुसून टाकण्याऐवजी ह्या मनुष्याने "का जुळत नाहीत?" असे विचारले, ही गोष्ट मात्र खरोखर गौरवास्पद आहे.

खडक सूचीस कसा ओढील, अशी शंका कोणी घेईल. ह्याचे उत्तर आपल्या पायांखालीच आहे. आपला काळा पत्थर, ज्यास शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीतून वर आलेल्या तप्त लाव्हारसापासून झाला. त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. नंदुरबार व धुळे ह्या मुलुखात तर भिंतीसारख्या उभ्या, काळ्या दगडांच्या रांगा मैलोगणती गेलेल्या दिसतात. शेतकरी त्यांस ओळखतात. ह्या रांगा म्हणजे जमिनीच्या भेगांत थिजलेला लाव्हारस. भूशास्त्रज्ञांनी आपल्या भागात अशा दोनशेहून अधिक भिंती मोजल्या आहेत, आणि बहुतेकांचा रोख साधारणतः पूर्व-पश्चिम आहे. आमच्या पाड्यावर आम्ही जीप दूर नेऊन पुन्हा मोजले, तरी थोडी चूक उरलीच. कारण जवळच अशी एक काळी रांग होती. शेवटी रात्री दोन काठ्यांस ओळंबे बांधून, ध्रुवताऱ्याच्या रोखाने उत्तर ठरविली, आणि तिच्यावरून पूर्व काढली. ध्रुवतारा खऱ्या उत्तरेपासून एका अंशाहून कमी अंतरावर असतो. आकाशास लोखंड नाही!

आता पुन्हा समुद्राकडे वळू. जोवर जहाजे लाकडाची होती, तोवर हे संकट लहान होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कुशल कारागिरांनी सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. अशा जहाजावर होक्याची चूक थोडी असे. तथापि लाकडी जहाजावरही ती होतीच. १८०१ पासून ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्स ह्या कप्तानास असे दिसले की उत्तर गोलार्धात जी चूक एका बाजूस होते, ती दक्षिण गोलार्धात उलट बाजूस जाते. जहाजातील उभे लोखंड पृथ्वीच्या उभ्या चुंबकीय ओढीने चुंबकत्व घेते, आणि ती ओढ दोन गोलार्धांत परस्परविरुद्ध असते, हे त्याचे कारण. त्याने उपाय सुचविला तो असा की होक्याजवळ एक उभा लोखंडी दांडा ठेवावा, म्हणजे जहाजाचे लोखंड जितके एका बाजूस ओढील, तितकेच हा दांडा दुसऱ्या बाजूस ओढील. त्या दांड्यास आजही फ्लिंडर्सचेच नाव आहे.

पुढे लोखंडी जहाजांचे युग आले आणि चूक भयंकर वाढली. लोखंडी जहाज गोदीत महिनोगणती एकाच दिशेस तोंड करून पडलेले असते, आणि त्यावर रात्रंदिवस हातोड्यांचे घाव पडत असतात. प्रत्येक घावाबरोबर पृथ्वीचे चुंबकत्व त्या लोखंडात मुरते. म्हणजे जहाज जन्मतःच आपला कल घेऊन पाण्यात उतरते! १८३८ साली जॉर्ज एअरी ह्या इंग्रज ज्योतिर्विदाने 'रेनबो' नामक लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून दाखविले की, ही ओढ होक्याजवळ योग्य जागी ठेवलेल्या लहान चुंबकांनी व मऊ लोखंडाच्या तुकड्यांनी फेडता येते.

लोकांस वाटले, प्रश्न सुटला. परंतु जानेवारी १८५४ मध्ये 'टेलर' हे नवे लोखंडी जहाज लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियास निघाले, आणि दोन-तीन दिवसांतच डब्लिनजवळील लँबे बेटाच्या खडकांवर आदळून फुटले. आपण दक्षिणेस जात आहो असे होके सांगत होते. जहाज पश्चिमेस आयर्लंडच्या किनाऱ्यावर चालले होते. अपघातास अन्य कारणेही होती, तथापि खोटे बोलणारे होके हे त्यांतील एक मुख्य कारण होते. नव्या देशात नवा संसार मांडावयास निघालेली शेकडो माणसे, त्यांत पुष्कळ स्त्रिया व मुले, बुडून मेली.

विल्यम स्कोर्सबी नावाचे एक गृहस्थ होते. ते तरुणपणी ध्रुवप्रदेशात व्हेल माशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर होते, नंतर प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक झाले. त्यांचे म्हणणे असे की जहाजाचे चुंबकत्व कायमचे नसते. लाटांच्या तडाख्यांनी आणि प्रवासाने ते बदलते. मग एकदा लावलेल्या चुंबकांवर निर्धास्त राहणे म्हणजे जुने औषध नव्या रोगास देणे होय. १८५६ साली, वृद्धपणी, ते 'रॉयल चार्टर' ह्या लोखंडी जहाजातून स्वतः ऑस्ट्रेलियापर्यंत गेले आणि आपले म्हणणे मोजून पाहिले. १८५७ साली ते वारले. एअरी म्हणे चूक सुधारता येते; स्कोर्सबी म्हणे सुधारलेली चूक पुन्हा उत्पन्न होते. आज पाहता दोघांचेही खरे होते. पुढे विल्यम थॉमसन, ज्यांस आपण लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखतो, त्यांनी १८७६ साली हलक्या सूचीचे नवे होकायंत्र, आणि सुधारणेची सर्व साधने एकत्र बसविता येतील असा खांब योजून दिला. आजच्या होक्याचा खांब बव्हंशी त्याच घडणीचा आहे.

ही सुधारणा प्रत्यक्ष कशी करतात, ते त्या तरुणाकडून आम्ही नीट समजून घेतले. ह्या कामाचा जाणकार मनुष्य जहाजावर येतो. खिशातील किल्ल्या व मोबाईल तो दूर ठेवतो. जहाज मोकळ्या पाण्यात, दुसऱ्या जहाजांपासून लांब नेतात. उभा दांडा, आणि होक्याच्या दोन्ही बाजूंस मऊ लोखंडाचे दोन गोळे अंदाजाने आधीच बसविलेले असतात. जहाज एका अंगावर कलले असता होणाऱ्या चुकीसाठी होक्याच्या बरोबर खाली एक उभे चुंबक असते. मग जहाज उत्तरेस तोंड करून चालवितात. दूरच्या दीपगृहावरून किंवा सूर्यावरून खरी दिशा ठाऊक असते. तिच्याशी ताडून पाहून जितकी चूक दिसेल तितकी आडव्या चुंबकांनी पूर्ण काढतात. मग पूर्वेस वळून, जहाजाच्या लांबीच्या रोखाने ठेवलेल्या चुंबकांनी तेथील चूक पूर्ण काढतात. नंतर दक्षिणेस वळतात. तेथे जी चूक उरते, ती पूर्ण काढीत नाहीत, निम्मीच काढतात. पश्चिमेसही तसेच. पुढे ईशान्य व आग्नेय ह्या दिशांस ते गोळे होक्याच्या जवळ किंवा दूर सरकवून उरलेली निराळ्या जातीची चूक कमी करतात.

निम्मीच का, असे आम्ही विचारले. उत्तर फार सुंदर आहे. जहाज उलट फिरले म्हणजे जी चूक उलटते, ती जहाजाच्या चुंबकत्वाची. तिच्यावर आडव्या चुंबकांचा इलाज चालतो. जी उलटत नाही, तिचे कारण निराळे असते. दक्षिणेस उरलेल्या चुकीत दोन्हींचा वाटा असतो. ती सर्व एकाच इलाजाने काढू गेलो तर उत्तरेकडची चूक पुन्हा उभी राहते. म्हणून दोन्ही बाजूंस सारखे वाटून घ्यावे, आणि उरेल ते मान्य करावे.

हे सर्व झाल्यावर जहाज हळूहळू एक पूर्ण फेरा घेते. प्रत्येक ठराविक अंशावर उरलेली चूक मोजतात आणि लिहितात. तोच तो कागद, जो आम्हांस दाखविला गेला. काम येथेच संपत नाही. पहारेकरी अधिकारी सूर्य किंवा तारे पाहून होका वारंवार ताडून पाहतो. जहाजाची मोठी दुरुस्ती झाली, वीज पडली, किंवा लोखंडी माल भरला, तर सर्व तपासणी नव्याने करावी लागते.

आज जहाजांवर विजेवर चालणारे, चुंबकाशी संबंध नसलेले होके आहेत. उपग्रहही वाट दाखवितात. तरीही समुद्रावरील सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार असे बजावतो की विजेवर अवलंबून नसलेले, नीट सुधारलेले होकायंत्र अथवा तसे साधन जहाजावर असलेच पाहिजे. वीज जाते, आणि अलीकडे काही समुद्रांत उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम बिघाड घडविण्यात येतो. अशा वेळी ती साधी सूचीच उपयोगी पडते.

आपल्या महाराष्ट्राचा आणखी एक वाटा सांगितलाच पाहिजे. मुंबईत कुलाबा येथे १८२६ साली वेधशाळा स्थापन झाली, आणि १८४० नंतरच्या दशकात तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने सूची बिघडणार, हे तेथील संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखले, आणि १९०४ साली अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतीस पोरबंदरचा, चुंबकत्व नसलेला दगड आणविला आणि लोखंडाचा एक खिळाही येऊ दिला नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली, जुने व नवे आकडे ताडून पाहिले, आणि मगच जुनी जागा सोडली. ही सावधगिरी आम्हांस फार शिकवून जाते.

प्रियजनहो, पन्नास वर्षांचा धर्मग्राम हाही एक प्रवासच आहे, आणि आमच्यासारख्या धर्मगुरूच्या हाती तेथे सुकाणू असते. त्या पाड्यावरील गोष्टीपासून आम्ही एक नियम घालून घेतला : आपला काटा स्थिर आहे म्हणून तो खरा आहे असे मानावयाचे नाही. जीपवर ठेवलेला काटाही अगदी स्थिर होता! तो खरा आहे की नाही, हे त्या वृद्ध गृहस्थांस विचारावयास हवे होते. पन्नास वर्षांपासून ते त्या टेकडीवर सूर्य उगवताना पाहत होते. आम्ही त्यांस पाया खणण्यापूर्वी विचारले नाही. पाया खणल्यावर त्यांनीच आम्हांस सांगितले.

आपली मुले आता सुरतेस, मुंबईस, पुण्यास आणि समुद्रापार जात आहेत. जहाज जसे जन्मतःच काही कल घेऊन उतरते, तसे प्रत्येक लेकरू आपल्या घराचा, आपल्या गावाचा काही कल बरोबर नेते. त्यात काही भले असते, काही सुधारण्याजोगे असते. त्यांस आपण असे सांगू नये की तुमचा काटा कधी चुकणार नाही. त्यांस ताडून पाहण्याची सवय लावावी, चूक लिहून ठेवण्याची लाज वाटू देऊ नये, आणि घरी आल्यावर त्यांचा तो कागद प्रेमाने पाहावा.

ते प्रार्थनामंदिर आज उभे आहे. सप्टेंबराच्या त्या आठवड्यात सकाळचे पहिले ऊन सरळ वेदीवर पडते. ज्यांनी आमची चूक दाखविली ते गृहस्थ आता देवाघरी गेले. पण ते ऊन पाहिले की त्यांचा हात आमच्या हातात असल्यासारखा वाटतो. ह्या महोत्सवाच्या दिवशी त्यांचे, आणि आपल्या धर्मग्रामाच्या गेल्या पन्नास वर्षांत ज्यांनी ज्यांनी आम्हांस व आमच्या पूर्वीच्या धर्मगुरूंस "फादर, उगवत तिकडे आहे" असे निर्भीडपणे सांगितले, त्या सर्वांचे आम्ही कृतज्ञतेने स्मरण करतो आणि आपली रजा घेतो.